ऑस्ट्रेलियाला जाताय? मग पावसाळ्यात जा, आणि मधल्या लाल वाळवंटाला दिवस द्या

सड्यावरचा (पावस):
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज बाहेर धो धो लागलाय आणि बागेत जाता येत नाहीये म्हणून बसलो लिहायला. गेल्या पावसाळ्यात आम्ही घरचे सगळे ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो, मी, बायको, कॉलेजातली मुलगी आणि माझे वडील (सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, सत्तरी कधीच ओलांडलीय). मेव्हणा मेलबर्नला असतो, त्यामुळे तिथला मुक्काम घरचाच होता.

पहिला मुद्दा असा की टूरवाल्यांच्या जाहिराती बघितल्यात तर सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट, झाली ट्रिप. तिन्ही किनाऱ्यावरची. शहरं सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण आपण कोकणातली माणसं जन्मभर किनाऱ्यावरच राहतो, आणि एवढे पैसे खर्चून जाऊन परत फक्त किनाराच बघून यायचं हे मला पटत नाही. तो देश जवळजवळ ७७ लाख चौरस किमी आहे, आपल्या भारताच्या दुपटीहून मोठा, आणि माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास, त्यातली बहुतेक सगळी समुद्राकाठी. मधला सगळा देश लाल आणि मोकळा. तो बघितल्याशिवाय ऑस्ट्रेलिया बघितला असं म्हणूच नये असं माझं स्पष्ट मत झालंय.

दुसरा मुद्दा हंगामाचा, आणि हा खास आपल्या लोकांसाठी. आंबा संपला, पाऊस लागला की आपल्याकडे हात थोडे मोकळे होतात, होमस्टेवाल्यांचं गिऱ्हाईक थांबतं, होड्या वर ओढलेल्या असतात. आणि नेमका जून-जुलै हाच तिथल्या वाळवंटाचा चांगला काळ, कारण तिथे तेव्हा हिवाळा. दिवसा २० अंशांच्या आसपास, आकाश निळंशार, माश्या कमी. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आपले लोक नाताळच्या सुट्टीत जातात तेव्हा, तिथे पारा ४० च्या वर असतो आणि चालायच्या वाटा दुपारी बंद ठेवतात. म्हणजे मुंबई-पुण्याच्या माणसाला जी सुट्टी मिळते ती चुकीची आणि आपल्याला जी मिळते ती बरोब्बर. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तिथल्या वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाला ३०० मिमीच्या आत. इथून छत्री मिटून निघालो आणि तिथे उतरलो तर नाकात धुळीचा कोरडा वास, अण्णा तर विमानतळाच्या बाहेर नुसते उभे राहिले होते वर बघत.

आता उलुरू. फोटोत सगळ्यांनी पाहिलाय, सपाट जमिनीतून एकच लाल दगड वर आलेला. उंची जमिनीपासून ३४८ मीटर आणि घेर ९.४ किमी. फोटोतून त्याचं वजनच कळत नाही. आम्ही पायथ्याच्या वाटेने पूर्ण फेरी मारली, साडेदहा किमीच्या आसपास आहे, सपाट आहे, सकाळी लवकर सुरू करायची. चालता चालता दगड बदलत जातो, कुठे गुळगुळीत, कुठे खवले निघाल्यासारखा, कुठे गुहा, कुठे पाण्याचा डोह आणि डोहाकाठी चक्क हिरवी झाडं. त्या गुहांतून तिथल्या लोकांची जुनी चित्रं आहेत. आमच्या घरामागचा सडा लाल आणि हा दगडही लाल, दोन्हीकडे कारण लोखंडच, आपल्या जांभ्यातही लोह आणि त्या वालुकाश्मातही, हवापाण्याने गंजून तो रंग येतो. गुहेच्या आत बघितलंत तर दगडाचा मूळ करडा रंग दिसतो. मुलीने हे दाखवलं मला, मी तोवर सगळा आरपार लालच धरून चाललो होतो.

तिथून पश्चिमेला तासाभराच्या आत काटा त्जुटा, ३६ घुमट आहेत दगडाचे, लांबून बघितले तर खळ्यात भाताच्या उडव्या रचून ठेवल्यासारखे. सगळ्यात उंच घुमट जमिनीपासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूपेक्षाही उंच, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. तिथे वाऱ्याची दरी म्हणून एक वाट आहे, ७ किमीच्या वर, चढउतार बऱ्यापैकी. अण्णा पहिल्या टप्प्यापर्यंत आले आणि सावलीत बसले, आम्ही तिघं पुढे गेलो. मला विचाराल तर उलुरूपेक्षा ही दरी जास्त आवडली. दोन घुमटांच्या मधून वारा असा येतो की बोललेलं ऐकू येत नाही.

काय विचारायचं ते विचारा, माहीत असेल ते सगळं सांगतो.

हर्णै_बंदर:
वा दादा, मस्त लिहिलंत. आमची पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते तेव्हाच काय ती सुट्टी, त्यामुळे तुमचा हंगामाचा मुद्दा एकदम पटला. शहरं आणि वाळवंट यांचा क्रम कसा लावलात? आणि उलुरूला गाडीने गेलात की विमानाने? आमच्या घरी पोरं शाळेत आहेत, जुलैत शाळा बुडते म्हणून बायको ऐकणार नाही, मेच्या शेवटी चालेल का?

सड्यावरचा (पावस):
मेचा शेवट ते शाळा सुरू होईपर्यंत, एकदम चालेल. तेव्हा तिथे थंडी नुकती सुरू झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिथे उन्हाळा चढायला लागतो.

क्रमाबद्दल: आम्ही आधी सिडनी, मग उलुरू आणि ॲलिस स्प्रिंग्ज, मग मेलबर्न असा लावला आणि हाच बरोबर वाटला. वाळवंट शेवटी ठेवू नका. शेवटी ठेवलं की शहरात पैसे आणि पाय दोन्ही दमतात आणि मग माणूस म्हणतो जाऊ दे, एकच रात्र राहू. सिडनीहून उलुरूजवळच्या विमानतळावर थेट विमान आहे, सव्वातीन-साडेतीन तास लागतात. खिडकी मिळाली तर सोडू नका. पहिला अर्धा तास शेतं आणि गावं, नंतर खाली नुसत्या लाल रेषा आणि पांढरी कोरडी तळी, एक रस्ता दिसला तरी माणूस खूश होतो. तिथे किमान तीन रात्री ठेवा असं मी सांगेन. उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानाचा पासही तीन दिवसांचा असतो, १८ च्या आतल्यांना फुकट.

सिडनीत ऑपेरा हाऊस (१९७३ सालचं, योर्न उत्झोन नावाच्या डेन्मार्कच्या वास्तुविशारदाचं डिझाइन) आणि हार्बर ब्रिज (१९३२) हे सगळं एकाच ठिकाणाहून दिसतं. त्यासाठी वेगळी महागडी क्रूझ घेऊ नका. सर्क्युलर की नावाच्या धक्क्यावरून मॅनलीची साधी फेरीबोट घ्या, अर्धा तास, दोन्ही बाजूने दोन्ही गोष्टी दिसतात. बोट उभी राहते कशी, दोर टाकतात कसा, अण्णा तेच बघत बसले होते सगळा वेळ. मेलबर्नला शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, बाकी तिथलं काय बघायचं ते कुठेही वाचायला मिळेल.

चिपळूणकर:
लेख छान आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. त्या दगडावर आता चढू देत नाहीत असं ऐकलंय. मग एवढ्या लांब जाऊन, एवढे पैसे घालून, एका दगडाभोवती फेरी मारून यायचं? वाळवंटच बघायचं तर आपलं राजस्थान आहे, कच्छ आहे, रात्रीच्या गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी पोचतो. किल्ले, हवेल्या, जेवण, सगळं आहे तिथे.

सड्यावरचा (पावस):
राग कसला. हा प्रश्न माझ्या सख्ख्या भावानेही विचारला होता.

राजस्थान आम्ही बघितलंय आणि ते मला मनापासून आवडतं, पण थरचं वाळवंट हे जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी आहे. तिथे कुठेही उभे राहा, कुणीतरी बकऱ्या घेऊन जाताना दिसतंच. ते माणसांचं वाळवंट आहे आणि त्याची गंमत माणसांतच आहे. उलुरू ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीचा आकार महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त, आणि लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख माणसं होती. म्हणजे सिंधुदुर्गातल्या तीनांपैकी दोघांना घरी ठेवायचं आणि उरलेल्यांना चार महाराष्ट्रांत पसरायचं. ते रिकामपण अंगावर येतं हो. दोन्ही वाळवंटं बघावीत, एक बघितलं म्हणून दुसरं झालं असं होत नाही.

आता चढण्याबद्दल. हो, २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढायला बंदी आहे, आणि मला ती बंदी योग्यच वाटते. तो दगड तिथल्या मूळच्या अनंगू लोकांचा आहे, त्यांच्यासाठी ती पूजेची, पूर्वजांची जागा. १९८५ साली, तारीखही तीच २६ ऑक्टोबर, सरकारने ती जमीन त्यांना परत दिली आणि त्यांनी ती उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने वापरायला दिली. तेव्हापासून ते सांगत होते की बाबांनो चढू नका. पण पर्यटक साखळी धरून चढतच होते, तीसच्या वर माणसं तिथे मेली, वर संडास नाही त्यामुळे घाण पावसाबरोबर खालच्या डोहात यायची, ज्या डोहावर तिथले प्राणी जगतात. शेवटी उद्यानाच्या मंडळाने २०१७ मध्ये एकमताने ठरवलं.

आणि खालून फिरण्यात काही कमी पडतं असं अजिबात नाही. पायथ्याला काही ठिकाणी पाट्या आहेत, इथे फोटो काढू नका म्हणून. आम्ही त्या सगळ्या ठिकाणी मोबाईल खिशात ठेवला. सकाळी उद्यानाचे रेंजर पायथ्याच्या माला नावाच्या वाटेवर लोकांना घेऊन फुकट माहिती देत फिरतात, ती फेरी चुकवू नका. कुठल्या गुहेत म्हातारी माणसं बसायची, कुठे पोरांना शिकवायचे, सगळं जागेवर उभं राहून सांगतात.

देवराईवाली (संगमेश्वर):
चिपळूणकर काका, आपल्याकडे देवराईत वाळलेली काडीसुद्धा कुणी उचलत नाही, गावातल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. बाहेरून कुणी येऊन म्हणालं की मी एवढ्या लांबून आलोय, मला ते मोठं झाड चढून बघायचंय, तर गुरव आणि मानकरी काय म्हणतील? मला तर हे वाचून एकदम जवळचं वाटलं.

आणि अजून एक. सडेकर दादांनी गुहेतल्या चित्रांचं लिहिलंय ते वाचून आपल्या सड्यांवरची कातळशिल्पं आठवली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली ती. आपल्याकडे ती कुणी कोरली, का कोरली, सांगणारं माणूसच शिल्लक नाही. कशेळीचा तो भलामोठा हत्ती बघताना मला दर वेळी याचंच वाईट वाटतं. तिथे मात्र चित्र काढणाऱ्यांचे वंशज अजून तिथेच राहतात आणि त्यातल्या गोष्टी त्यांना पाठ आहेत, ही केवढी मोठी गोष्ट. फक्त एवढ्यासाठीसुद्धा मी जाईन.

चिपळूणकर:
ताई, देवराईचं पटलं. चढायचा मुद्दा मागे घेतो. खर्चाचा मात्र तसाच आहे.

सड्यावरचा (पावस):
खर्च खरंच आहे, लपवत नाही. वाळवंटाचा भाग शहरांपेक्षा महाग पडतो, कारण उलुरूजवळ राहायचं म्हटलं तर युलारा नावाची एकच वसाहत, सगळी हॉटेलं तिथेच, दुसरा पर्याय नाही. पण तिथेच तंबूची जागा आणि साध्या केबिनही आहेत, सामायिक स्वयंपाकघर असतं, आणि किराणा मालाचं दुकान आहे. आम्ही केबिन घेतली होती. काही महिने आधी बुक करा, जून-जुलैत तिथल्या शाळांनाही सुट्टी असते त्यामुळे भरून जातं. संध्याकाळचे शॅम्पेन घालून सूर्यास्त दाखवणारे कार्यक्रम घेऊ नका, गाडीतळावरून तोच सूर्यास्त फुकट दिसतो.

मालवणी_चेडू:
दादानू, वाचून लय बरां वाटला. आमका पण जावचा आसा, आवशीक घेवन. तिका माशाशिवाय जेवण जाणा नाय, आणि गुडघे दुखतत. वाळवंटात तिना काय खावचा आणि कितपत चलाचा ता सांगा. आणि व्हिसाचा पण.

सड्यावरचा (पावस):
ताई, आईला जरूर न्या. मासे मिळतात हो! सिडनीचा मासळी बाजार बघून अण्णांचा जीव भांड्यात पडला, हे बांगडे, ही कोळंबी. आणि वाळवंटातसुद्धा बारामुंडी म्हणून मासा मिळतो, तो म्हणजे रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच, जात तीच. तिरफळं घालून नाही मिळणार, पण भाजून किंवा तळून देतात, बरोबर लिंबू. आम्ही केबिनमध्ये भात लावायचो, वर तोच मासा. बायकोने घरचा मालवणी मसाला नेला होता. त्याबद्दल खाली कुणी विचारलं तर सविस्तर लिहितो.

व्हिसा ऑनलाइन आहे, ६०० नंबरचा पर्यटक व्हिसा. आईचं वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल तर मेडिकल करायला सांगतात, तेवढा वेळ हातात ठेवा.

आडलेडवासी_मूळचा_गुहागर:
नमस्कार, हा धागा बघून राहवलं नाही. बरीच वर्षं इथे ॲडलेडला आहे, पण गणपतीला गुहागरला येतोच. सडेकरांनी जे लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन. इथे आलेले आपले पाहुणे मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड बघतात आणि परत जातात. तो रस्ता अप्रतिमच आहे, पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये बांधलेला, पण आत या हो.

दोन गोष्टी जोडतो. एक, ॲडलेडहून डार्विनला जाणारी घान रेल्वे. २९७९ किमी, आपली कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत धरली तर तिच्या चौपट, आणि अख्खा देश दक्षिणेकडून उत्तरेकडे कापते. पहिली गाडी १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत गेली, डार्विनपर्यंत रूळ पोचायला २००४ उजाडलं. जुना मार्ग नद्यांच्या पात्रांजवळून होता, वर्षानुवर्षं कोरड्या नद्या, पण एकदा पाणी आलं की रूळच वाहून जायचे आणि गाडी वाळवंटात अडकून पडायची. म्हणून १९८० मध्ये पश्चिमेकडून नवा मार्ग काढला. दरडी आणि पाण्यामुळे गाड्या अडकणं काय असतं ते आपल्याला सांगायला नको. तिकीट महाग आहे, जेवण-मुक्काम धरून असतं. परवडलं तर ॲडलेड ते ॲलिस एवढाच टप्पा करता येतो.

दुसरी गोष्ट उंटांची. इथल्या वाळवंटात हजारोंनी जंगली उंट आहेत आणि ते मूळचे इथले नाहीतच. १८६० मध्ये देशाचा आतला भाग शोधायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट आणि त्यांचे राखणदार बोटीने मेलबर्नला आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! पुढे अजून आणले. वाळवंटातली तारायंत्राची (टेलिग्राफची) लाइन १८७२ मध्ये पूर्ण झाली, रेल्वे आली, गुरांचे गोठे झाले, सगळ्याला माल पुरवला तो या उंटवाल्यांनी. बलुचिस्तान, अफगाणिस्तान, पंजाब, सिंध, सगळीकडचे होते. मोटारी आल्यावर उंट सोडून दिले. या माणसांनी हा देश आतून उघडला आणि त्यांची आठवण पर्यटकांना कुणी सांगत नाही, ॲडलेडला त्यांनी १८८० च्या दशकात बांधायला घेतलेली मशीद अजून उभी आहे. मी प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतोच.

रस्त्याने येणाऱ्यांनी कूबर पेडी बघा. ॲडलेडपासून साडेआठशे किमीच्या आसपास उत्तरेला, ओपल रत्नाच्या खाणींचं गाव, १९१५ मध्ये ओपल सापडला. उन्हाळा इतका की लोक जमिनीच्या पोटात घरं खोदून राहतात, आत बाराही महिने २३-२५ अंश, पंखा नको की काही नको. चर्चसुद्धा जमिनीखाली. गावाबाहेर मात्र पाट्या बघून चाला, उघड्या खाणींची भोकं सगळीकडे आहेत, फोटो काढताना मागे मागे सरकू नका.

आणि हर्णैवाल्या भाऊंसाठी: ऑगस्टमध्ये ॲलिस स्प्रिंग्जला होड्यांची शर्यत असते, टॉड नावाच्या कोरड्या नदीत. होडीला तळच नाही, आत उभं राहून होडी उचलून वाळूतून पळायचं. १९६२ पासून चालू आहे. १९९३ मध्ये नदीला पाणी आलं म्हणून शर्यत रद्द करावी लागली होती.

हर्णै_बंदर:
पाणी आलं म्हणून होड्यांची शर्यत रद्द! आमच्या वडलांना वाचून दाखवलं, ते अजून हसतायत. पण ऑगस्टला बंदी उठलेली असते, नारळी पौर्णिमा झाली की आम्ही दर्यावर. बघू, मोठ्या भावावर होडी सोपवून जमलं तर.

देवगडची_कलमं:
दादा, मसाल्याचं सविस्तर सांगा ना. आणि आम्ही बागायतदार माणसं, आमच्या भाच्याकडे हापूसची पेटी नेता येईल का? आंबापोळी, आमसुलं, लोणचं?

सड्यावरचा (पावस):
ताजा आंबा अजिबात नाही. पेटी विसरा. कुठलंही ताजं फळ, भाजी, बियाणं, हे विमानतळावरच काढून घेतात, आणि न सांगता नेलंत तर जागच्या जागी मोठा दंड होतो. विमानातच एक कार्ड देतात, त्यावर खायचं जे काही असेल ते सगळं हो म्हणून लिहायचं. आम्ही मसाला, आमसुलं, आंबापोळी, सगळं एका वेगळ्या पिशवीत वर ठेवलं होतं, लेबलं लावून. अधिकारी बाईंनी एकेक उघडून बघितलं, वास घेतला, सगळं परत दिलं. पण निर्णय त्यांचा असतो, घरगुती लोणच्याची हमी मी देणार नाही. प्रामाणिकपणे लिहिलं तर फार तर वस्तू जाते, दंड होत नाही.

बागायतदारांसाठी याहून महत्त्वाचं म्हणजे चपला-बूट! त्या कार्डावर विचारतात की गेल्या ३० दिवसांत शेतात, जनावरांत गेला होतात का. आपलं उत्तर हो असणारच. मग बुटाचे तळवे बघतात. माती चिकटलेली असेल तर धुवायला लावतात. निघायच्या आधी बूट ब्रशने घासून, वाळवून न्या. आपल्याकडे जूनमध्ये बूट वाळणं कठीण, त्यामुळे आम्ही चालायचे बूट नवेच घेतले आणि ते बागेत नेलेच नाहीत. मला हे सगळं आवडलं खरं सांगू का, बेट आहे त्यांचं, कीड-रोग बाहेर ठेवायला एवढी काळजी घेतात. आपल्या कलमांवर तुडतुडा आणि थ्रिप्सने काय हाल केलेत ते आपण बघतोच आहोत.

वाटाड्या:
गाडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कामानिमित्त तिकडे राहिलोय. तिथे गाडी डावीकडूनच चालवतात, स्टिअरिंगही आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे आपल्याला सोपं जातं. इंग्रजीतलं लायसन्स पर्यटकाला चालतं. ॲलिस स्प्रिंग्ज ते उलुरू साडेचारशे किमीच्या आसपास, सगळा डांबरी, पाच तास. आधी स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला २०० किमी एर्लडुंडापर्यंत, मग उजवीकडे वळायचं. वाटेत डावीकडे माऊंट कॉनर नावाचा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो, निम्मे लोक त्यालाच उलुरू समजून फोटो काढतात.

नियम एकच, अंधार पडला की गाडी नाही. कांगारू, गुरं, उंट, सगळे रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा बऱ्याच ठिकाणी गावाबाहेर रात्रीच्या अपघाताला लागू होत नाही. करार नीट वाचा. साध्या गाडीने कच्च्या रस्त्यावर उतरू नका, विमा तिथेही संपतो. दर पेट्रोल पंपावर टाकी भरा, पुढचा पंप १०० किमीच्या वर असू शकतो. पाणी माणशी भरपूर. मोबाईलला गावाबाहेर रेंज नसते, टेलस्ट्राचं सिम बाकीच्यांपेक्षा जास्त ठिकाणी लागतं, पण तेही सगळीकडे नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि रोड ट्रेन म्हणून ट्रक असतात, तीन-चार डबे जोडलेले, ५० मीटरच्या वर लांब. त्यांना ओव्हरटेक करताना लांबपर्यंत रिकामा रस्ता दिसल्याशिवाय जाऊ नका, मुंबई-गोवा हायवेची सवय तिथे चालवू नका कृपया.

सड्यावरचा (पावस):
वाटाड्या भाऊ, फार उपयोगाचं लिहिलंत. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये रात्री पायी फिरू नका एवढं माझ्याकडूनही. दिवसा मात्र तिथली जुनी तार कचेरी आणि फ्लाइंग डॉक्टरांचं केंद्र बघा. १९२८ मध्ये जॉन फ्लिन यांनी ती सेवा सुरू केली, शेकडो किमीवरच्या एकेका घरात विमानाने डॉक्टर जातो. आपल्याकडे पावसात खाडीपलीकडचा पेशंट पलीकडे न्यायचा तर काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना तिथे थांबावंसं वाटेल. अण्णांनी तिथे देणगीच्या पेटीत स्वतःहून पैसे टाकले.

मालवणी_चेडू ताई, तुमच्या गुडघ्यांच्या प्रश्नाचं राहिलं होतं. पूर्ण फेरीची गरज नाही. माला वाट आणि कुनिया वाट, दोन्ही छोट्या, सपाट, व्हीलचेअरसुद्धा जाते. कुनिया वाटेच्या शेवटी मुतित्जुलू डोह आहे, तिथे बसायला बाक आहेत, आईंना तासभर बसू द्या. सूर्योदय बघायची जागाही गाडीतळापासून जवळ. फक्त पहाटे पारा चार-पाच अंशांवर असतो, कधी शून्याच्या खाली, आणि आपल्या हाडांना त्याची सवय नाही. कानटोपी, लोकरी मोजे, आतून घालायचे थर्मल, हे सगळं इथूनच न्या. रत्नागिरीत थर्मल मिळाले नाहीत आम्हाला, कोल्हापूरला मिळाले.

मालवणी_चेडू:
देव बरें करो दादानू. थर्मल सावंतवाडीत बघतंय, नायतर बेळगावाक जातंय. आवशीक आत्ताच सांगलंय जिताडो मेळतलो म्हणान, ती पासपोर्ट शोधूक लागली.